धूळपाटीचा प्रवास : बल्गेरियाच्या डोंगरगावांत

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी काही वक्ता नाही. राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात उपयंत्री आहे, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेला माणूस. आमचं लिहिणं म्हणजे लांबी, रुंदी, उंची आणि शेवटी रक्कम. सचिवांनी ‘बल्गेरियाला जाऊन आलात, चार शब्द बोला’ म्हटलं, तेव्हा फोटो दाखवून सुटका करून घ्यावी असं मनात होतं. पण जे सांगायचं आहे ते फोटोत नीट दिसत नाही. शिवाय त्यातलं शेवटचं प्रकरण या सभागृहाच्या मागच्या खोलीबद्दल आहे. तेव्हा फोटो नंतर चहाच्या वेळी मोबाईलवर पाहू.

पहिला प्रश्न सगळे विचारतात, बल्गेरियाच का? खरं उत्तर असं की स्वित्झर्लंडचं कोटेशन आलं ते वाचून आम्ही पाकीट बंद केलं. आम्ही सातजण. मी, सौभाग्यवती, आमची यंदा दहावीला गेलेली मुलगी, माझे मोठे मेव्हणे आणि वहिनी, आणि शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले काका-काकू. काकांनी कुठेतरी वाचलं होतं की डोंगर आवडत असतील आणि खिशाला झेपायला हवं असेल तर बल्गेरियाला जावं. २०२५च्या १ जानेवारीपासून तो देश शेंगेनमध्ये पूर्णपणे आला आहे, त्यामुळे व्हिसाही तोच. खात्याची परवानगी हातात पडली आणि मेच्या मध्यावर आम्ही निघालो. इंदूर, दिल्ली, इस्तंबूल आणि मग सोफिया.

लहान गटाचा फायदा तिथे गेल्यावर कळला. डोंगरातले रस्ते अरुंद, चाळीस माणसांची बस गावाबाहेरच थांबते. सात माणसं एका व्हॅनमध्ये मावतात, एका टेबलावर जेवतात, एकाच जुन्या घराच्या माडीवर राहतात. भांडण झालं तरी ते सगळ्यांचं मिळून एकच होतं आणि संध्याकाळपर्यंत मिटतं. आमच्याबरोबर एक तिशीतली बल्गेरियन मुलगी गाईड म्हणून होती, गाडीही तीच चालवायची.

पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. बल्गेरियात ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवतात आणि ‘नाही’ म्हणताना वर-खाली. युरोपातले पाहुणे यात हमखास फसतात. आपली ‘हो’ची मान तर पहिल्यापासूनच डुलती. त्यामुळे काकूंनी ‘अजून दही हवं का?’ या प्रश्नावर मान डोलावली आणि लगेच दुसरा वाडगा आला. गाईड म्हणाली, ‘तुम्ही पहिले पाहुणे आहात ज्यांची मान आम्हाला कळते.’

दह्यावरून आठवलं. तिथलं दही म्हणजे आपलं कवडी दहीच, पण थोडं जास्त आंबट. दही ज्या जिवाणूमुळे लागतं तो १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन माणसानं शोधला आणि त्या जिवाणूच्या नावात आजही त्यांच्या देशाचं नाव आहे. काकडी किसून दह्यात घालून केलेलं थंड सूप मिळतं, त्याला तारातोर म्हणतात. आपली काकडीची कोशिंबीर पातळ केल्यासारखं लागतं. शाकाहारी माणसाचे हाल होतील ही भीती आम्ही बरोबर नेलेल्या मेतकुटाइतकीच निरुपयोगी ठरली. पांढऱ्या घेवड्याचं सूप, चीज घातलेली बानित्सा, बटाटा किसून पुदिना घालून थालीपिठासारखा थापलेला पाटाटनिक. पोटाची काळजी मिटली.

आता मुद्द्याकडे येतो.

आम्ही पहिल्यांदा रिलाच्या मठात गेलो. डोंगरात अकराशे मीटरवर, चारी बाजूंनी जंगल. दहाव्या शतकात इव्हान नावाचा साधू इथल्या गुहेत राहायचा, त्याच्या नावानं हा मठ. बाहेरून पाहिलं तर किल्ला, आत गेलं तर चार मजली लाकडी सज्जे आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी. १८३३ साली हा मठ जळाला. तेव्हा बल्गेरिया तुर्कांच्या, म्हणजे ओस्मानी सुलतानांच्या अमलाखाली होता, आणि त्याला चारशेहून अधिक वर्षं झाली होती. स्वतःचं सरकार नाही, तरी गावोगावच्या लोकांनी पैसे आणि मजुरी देऊन तो परत उभा केला. बांधकामातला माणूस म्हणून मी सज्जांचे जोड बघत होतो. मुलगी म्हणाली, ‘बाबा, राजवाड्यासारखं आहे.’ लाकूड, आग आणि परत उभारणी हे आपल्या राजवाड्यानं १९८४ मध्ये पाहिलंय, तेव्हा ती तुलना मला पटली.

या मठाच्या संग्रहालयात हातभर रुंदीचा एक लाकडी क्रूस आहे. राफाइल नावाच्या साधूनं सुईसारख्या हत्यारांनी त्यावर १०४ प्रसंग आणि सुमारे साडेसहाशे आकृत्या कोरल्या. बारा वर्षं लागली, १८०२ मध्ये काम संपलं आणि त्याची दृष्टी गेली असं सांगतात.

तिथून दक्षिणेला पिरिन पर्वताच्या पायथ्याशी बान्स्को. हिवाळ्यात हे स्कीइंगचं गाव असतं, मे महिन्यात शांत. वर २९१४ मीटरचं विहरेन शिखर, त्यावर अजून बर्फ. आणि खाली गल्ल्यांमध्ये जुनी घरं, बाहेरच्या भिंती किल्ल्यासारख्या जाड दगडाच्या, दरवाजे जड, आत माणसं लपायची जागा. लुटारूंचा काळ होता, म्हणून घरच गढी करून राहायचे.

या गावातल्या दोन माणसांबद्दल सांगतो. पहिला पाइसी. तो आपला, असं बान्स्कोचे लोक सांगतात. हा साधू होता आणि त्यानं १७६२ मध्ये बल्गेरियन लोकांचा इतिहास लिहून पूर्ण केला. पुस्तक छापलेलं नव्हतं, लोक हातानं नकला करायचे आणि नकलेची नक्कल गावोगाव जायची. त्याचं म्हणणं साधं होतं. आपल्या माणसांना आपल्या भाषेची लाज वाटते, ती वाटू नये. कारण असं होतं की राज्य तुर्कांचं आणि चर्च व शिक्षण ग्रीक भाषेत. ज्याच्याकडे चार पैसे आले तो मुलाला ग्रीक शाळेत घालायचा. ग्रीक बोलला की माणूस सुधारलेला, बल्गेरियन म्हणजे मेंढपाळाची भाषा. हे ऐकताना आमच्या वहिनी हळूच म्हणाल्या, ‘म्हणजे आपलं कॉन्व्हेंटच की.’

दुसरा नेओफित रिल्स्की, जन्म १७९३, याच बान्स्कोतला. त्याची गोष्ट पुढे येईल.

बान्स्कोहून आम्ही व्हॅन सोडून आगगाडी धरली. गाईड गाडी घेऊन पुढे गेली आणि आम्ही सात जण नॅरोगेजच्या डब्यात. दोब्रिनिश्ते ते सेप्तेम्व्री असा हा १२५ किलोमीटरचा मार्ग, रुळांमधलं अंतर ७६० मिलिमीटर. काम १९२०च्या दशकात सुरू झालं आणि शेवटच्या स्टेशनापर्यंत गाडी १९४५ मध्ये पोचली. तास लागतात पाच, कारण गाडी डोंगर चढताना स्वतःभोवती वळसे घेते. खिडकीतून खाली पाहिलं की मघाशी गेलेले रूळ दिसतात. अव्रामोवो हे स्टेशन १२६७ मीटरवर आहे, बाल्कनमधलं सर्वांत उंच. आपल्या पातालपानी-कालाकुंडच्या गाडीत जे बसलेत त्यांना डब्यातलं वातावरण सांगायला नको. फरक इतकाच की आपली गाडी आता हौसेची झाली आणि ही अजून कामाची आहे. डब्यात बाजाराला निघालेल्या बायका होत्या, डोक्याला फडकं बांधलेल्या मुसलमान आज्याही होत्या. या भागात एका गावात मिनार दिसतो तर पुढच्या गावात चर्चचा घंटाघर. एका थांब्यावर काका फोटो काढायला उतरले, शिट्टी झाली, आणि त्यातल्याच एका आजीनं त्यांची बाही धरून त्यांना वर ओढलं. मग शेवटपर्यंत तिनं त्यांना खिडकीजवळून हलू दिलं नाही.

पुढे रोदोपी पर्वतातलं शिरोका लाका. नदीवर दगडी कमानीचे पूल, छपरांवर कौलांऐवजी दगडाच्या फरशा. इथे लोकसंगीताची सरकारी शाळा आहे, वयात येणारी मुलं-मुली गाणं आणि गाइदा शिकतात. गाइदा म्हणजे बोकडाच्या कातड्याची पिशवी असलेलं वाद्य, आपल्या तंबोऱ्यासारखा एक सूर सतत धरून ठेवतं आणि वर दुसरी नळी गाते. याच रोदोपीतली गायिका वाल्या बाल्कान्स्का. तिचं बंडखोर देल्योचं गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर घालून अंतराळात पाठवलं. मी तिथे सर्वांना अभिमानानं सांगितलं की त्याच तबकडीवर आमच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावची बाई आणि रोदोपीतली बाई, दोघी आज सूर्यमालेच्या कडेला एकत्र आहेत. गाईडला हे माहीत नव्हतं. ती पुढचा तासभर केसरबाई ऐकत गाडी चालवत होती.

वाटेत फळझाडांच्या फांद्यांना लाल-पांढरे विटलेले दोरे बांधलेले दिसायचे. १ मार्चला एकमेकांच्या मनगटावर हा दोरा बांधतात, त्याला मार्तेनित्सा म्हणतात. पहिला करकोचा किंवा पहिलं मोहरलेलं झाड दिसलं की तो सोडून झाडाला बांधायचा. वडाला गुंडाळलेलं सूत आठवून काकूंनी एका झाडाला नमस्कारही केला.

शेवटचं गाव कोप्रिवश्तित्सा. उच्चाराला अवघड, माझ्या मेव्हण्यांना तर शेवटपर्यंत जमला नाही. सोफियापासून पूर्वेला, हजार मीटरवर, वस्ती दोन हजारांच्या आसपास. पण जुनी घरं साडेतीनशेहून अधिक जपलेली. निळी, पिवळी, विटकरी. इथले लोक लोकरीचा आणि मेंढ्यांचा व्यापार करायचे, इस्तंबूल आणि इजिप्तपर्यंत त्यांच्या पेढ्या होत्या. ओस्लेकोव्ह नावाच्या व्यापाऱ्याचं १८५०च्या दशकातलं घर पाहिलं. पुढचे खांब लेबनॉनहून आणलेल्या देवदाराचे, भिंतीवर त्यानं पाहिलेल्या परदेशी शहरांची चित्रं. मी मनातल्या मनात दर लावत होतो.

याच गावात १८७६च्या एप्रिलमध्ये तुर्की सत्तेविरुद्धच्या उठावाची पहिली गोळी झाडली गेली. पुढारी तोदोर काब्लेश्कोव्ह, वय पंचविशीच्या आसपास, पूर्वी रेल्वेत स्टेशनमास्तर. उठाव चिरडला गेला, शेजारची गावं जळाली. कोप्रिवश्तित्सा वाचलं, कारण गावातल्या श्रीमंतांनी पैसे चारून वाचवलं. त्यांच्यातले काही उठावाच्या विरोधात होते असंही सांगतात. ज्यांच्या पैशानं बंड दबलं त्यांच्याच पैशानं घरं वाचली, आणि ती बघायला आज आम्ही गेलो. दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, बल्गेरियाचं स्वतःचं राज्य पुन्हा उभं राहिलं.

पण मला तिथे जे सापडलं ते या घरांत नव्हतं. ते १८३७ साली बांधलेल्या जुन्या शाळेत होतं. गाईडनं आम्हाला बाकांवर बसवलं आणि सांगितलं, ‘तेव्हा अगदी लहान मुलं पुढच्या रांगेत बसायची. त्यांच्यापुढे वाळूची पेटी. वाळूत बोटानं अक्षर गिरवायचं, पेटी हलवून पुसायचं, परत गिरवायचं. कागद महाग होता.’

मी आणि काकांनी एकमेकांकडे पाहिलं. मंडळी, ही धूळपाटी. माझे आजोबा सांगायचे की त्यांनी पहिली अक्षरं धुळाक्षरांनीच शिकली. पाटीवर धूळ पसरायची आणि बोटानं ‘श्री’ काढायचा. मी म्हटलं, ‘हे तर आमच्याकडचं आहे.’ गाईड हसली. म्हणाली, ‘खरंच तुमच्याकडचं आहे.’ आणि तिनं जी गोष्ट सांगितली ती परत आल्यावर मी पुस्तकांत पडताळून पाहिली.

अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागातल्या अनाथ मुलांच्या शाळेचा अधीक्षक झाला. मास्तर कमी, मुलं जास्त. एकदा त्यानं एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिली. त्यानं तीच रीत उचलली, आणि ज्या मुलाला अक्षर येतं त्यानं धाकट्याला शिकवायचं अशी व्यवस्था लावली. इंग्लंडला परतल्यावर १७९७ मध्ये त्यानं यावर पुस्तिका छापली. लोक तिला ‘मद्रास पद्धत’ म्हणू लागले. जोसेफ लँकेस्टर नावाच्या दुसऱ्या शिक्षकानंही अशीच रीत चालवली, म्हणून पुढे दोघांचं नाव जोडून ती युरोपभर पसरली. मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवायचं, एका मास्तरात शंभर मुलं.

आता नेओफित रिल्स्की परत येतो. गाब्रोवो नावाच्या डोंगरगावचा वासिल अप्रिलोव्ह ओदेसात व्यापार करून श्रीमंत झाला होता. हा माणूस आधी पक्का ग्रीक वळणाचा. मग त्याच्या हातात युरी व्हेनेलिन या विद्वानाचं बल्गेरियन लोकांबद्दलचं पुस्तक पडलं आणि त्याचं मन फिरलं. आपल्या गावात आपल्या भाषेची नव्या धर्तीची शाळा काढायची असं त्यानं ठरवलं, दुसऱ्या व्यापाऱ्यांकडून पैसे उभे केले आणि मास्तर म्हणून नेओफितला बोलावलं. नेओफितनं बुखारेस्टला जाऊन ही मोठ्यांनी लहानांना शिकवायची पद्धत शिकून घेतली, बल्गेरियन भाषेचं व्याकरण लिहिलं, आणि १८३५च्या जानेवारीत शाळा सुरू झाली. दोन वर्षांनी कोप्रिवश्तित्सात ही शाळा. मग एकामागून एक गावं. सरकार नव्हतं, अनुदान नव्हतं. आपल्या मातीतली धूळपाटी मद्रासहून लंडन, तिथून बुखारेस्ट, आणि मग या डोंगरांत जाऊन पोचली आणि एका भाषेच्या कामी आली. मी त्या बाकावरून पाच मिनिटं उठलो नाही. मुलगी म्हणाली, ‘बाबा, चला ना.’

दुसरा दिवस २४ मे. त्या दिवशी बल्गेरियात सार्वजनिक सुट्टी असते, आणि ती सुट्टी असते लिपीसाठी. किरिल आणि मेथोदी या दोन भावांनी नवव्या शतकात स्लाव भाषांसाठी पहिली लिपी तयार केली. पुढे त्यांच्या शिष्यपरंपरेतल्या लोकांनी बल्गेरियात जी लिपी घडवली तिला किरिलच्या नावानं आज आपण सिरिलिक म्हणतो. या दोघा भावांचा हा दिवस. शाळेचा उत्सव म्हणून तो पहिल्यांदा १८५१ मध्ये प्लोव्हदिवला झाला, म्हणजे राज्य मिळण्याच्या सत्तावीस वर्षं आधी.

सकाळी मिरवणूक निघाली. पांढऱ्या सदऱ्यातली शाळेची मुलं, दोन भावांचं चित्र, त्याभोवती ताज्या फुलांची माळ. पहिलीतल्या मुलांच्या छातीवर पुठ्ठ्याचं एकेक अक्षर. मागे मास्तर, आया, आजोबा. गाव लहान, त्यामुळे मिरवणूक आपल्या गल्लीतल्या गणपतीएवढीच. ढोल नव्हते, पण गर्दीतली लगबग ओळखीची होती.

एका चिमुरडीच्या छातीवर जे अक्षर होतं ते गाईडनं दाखवलं. रशियन भाषेत ते अक्षर मुकं असतं, बल्गेरियनमध्ये त्याचा पूर्ण उच्चार होतो, साधारण आपल्या ‘अ’सारखा. त्यांच्या देशाच्या नावात पहिल्या अक्षरानंतर तोच स्वर येतो. परदेशी माणसं ‘बुल्गारिया’ म्हणतात आणि तिथे अडखळतात. आम्ही सहज ‘बल्गारिया’ म्हणालो तर तिनं टाळी वाजवली. मग मुलीला म्हणाली, ‘तुमच्या भाषेत असं अक्षर आहे का, जे शेजाऱ्यांना येत नाही?’

मुलगी गप्प. मी म्हटलं, ‘आहे. ळ.’

मंडळी, हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण सांगतो. आपली मुलं देवनागरी वाचतात, त्यामुळे आपली समजूत अशी की त्यांना मराठी वाचता येतं. माझी मुलगी घरी मराठी बोलते. पण आजीच्या जुन्या पत्रातलं ‘शाळा’ ती ‘शाला’ वाचते आणि ‘वेळ’ला ‘वेल’. तिनं आजवर मराठीतलं एकही पूर्ण पुस्तक वाचलेलं नाही. तिचा दोष नाही. मी कधी हातात दिलंच नाही.

मिरवणूक जिथे संपली ती इमारत म्हणजे चितालिश्ते. शब्दाचा अर्थ वाचायची जागा. पहिली चितालिश्ती १८५६ मध्ये निघाली, तीही तुर्की अमलातच. वर्गणीतून पुस्तकं आणि वर्तमानपत्रं, संध्याकाळी नाटक, रविवारी व्याख्यान. आज देशभर तीन हजारांवर आहेत, सरकारही त्यांना मदत देतं, आणि २०१७ मध्ये युनेस्कोनं परंपरा जपण्याची चांगली रीत म्हणून त्यांची नोंद घेतली. मी आत शिरलो आणि मला वाटलं मी इथेच आलोय, या सभागृहात. तसंच स्टेज, तसेच जुन्या अध्यक्षांचे फोटो, तशाच एकावर एक रचलेल्या खुर्च्या. आणि बाजूला पुस्तकांची खोली. फक्त ती उघडी होती.

तिथे सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. गाईडमार्फत बोलणं झालं. सगळं छान चाललंय असं त्या म्हणाल्या नाहीत. तरुण सोफियाला जातात, तिथून जर्मनीला. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या देशाची लोकसंख्या नव्वद लाखांच्या घरात होती, २०२१च्या जनगणनेत ती पासष्ट लाखांवर आली. वाचायला येणारी माणसं बहुतेक म्हातारी. ‘पण खोली उघडी असली की कोणीतरी येतं,’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, ‘तुमच्या शहरात तुमच्या भाषेचं असं काही आहे?’

सौभाग्यवती अभिमानानं म्हणाल्या, ‘हो, आहे ना! आमच्या मंडळात चार कपाटं भरून मराठी पुस्तकं आहेत.’

‘वा. कधी उघडं असतं?’

सौ.नी माझ्याकडे पाहिलं. मी मान अशी हलवली की तिचा अर्थ कोणत्याच देशात लागू नये.

कारण इथे बसलेल्या कार्यकारिणीला माहीत आहे, बाकीच्यांना आज सांगतो. मागच्या वर्षी त्या खोलीत लग्नाच्या पाहुण्यांसाठी वातानुकूलित खोली करावी असा विचार निघाला. चार लाख दहा हजारांचं एस्टिमेट झालं. पुस्तकं कुणा संस्थेला देऊन टाकावीत असं ठरत होतं. ते एस्टिमेट मी केलं होतं. पुस्तकांच्या कपाटांसमोर मी लिहिलं होतं, ‘जुने सामान हलवणे, एकरकमी.’ कुणी मला भाग पाडलं नव्हतं. मला ते तसंच दिसलं होतं.

परत आल्यावर पुढच्याच रविवारी मी किल्ली मागून खोली उघडली. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात गच्चीचं पाणी उतरतंय, तिथल्या एका कपाटाची खालची फळी वाळवीनं खाल्ली आहे, बाकी तीन कपाटं धडधाकट आहेत. देवघेवीची वही सापडली. त्यात माझ्या वडिलांचा सभासद क्रमांक २१७. दर पंधरा दिवसांनी एक नोंद, त्यांच्या वळणदार सहीसह. ते कारकून होते, दिवसभर हिंदीत कामकाज करायचे. संध्याकाळी इथे येऊन पुस्तक बदलून न्यायचे. मला त्यांच्या सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून इथे आलेलं आठवतं. मी वहीची पानं उलटत होतो आणि मुलगी खांद्यावरून बघत होती. एका नोंदीशी थांबून तिनं एक शब्द वाचला. ‘बाळ’. ‘बाल’ नाही. बरोबर वाचला. मी काही बोललो नाही.

आता कामाचं बोलतो, त्याशिवाय उपयंत्र्याचं भाषण पुरं होत नाही. मंडळाला पैसे लागतात हे मला मान्य आहे. हॉलचं भाडं नसेल तर वीजबिलसुद्धा निघणार नाही. भावनेनं छत गळायचं थांबत नाही. म्हणून मी परत मोजमाप केलं. स्टेजच्या मागे भांडारखोली आहे, बारा फूट बाय चौदा. तिच्यात मोडक्या खुर्च्या आणि गेल्या कित्येक वर्षांची मखरं आहेत. ते सामान गच्चीच्या जिन्याखाली जातं. पाहुण्यांची खोली तिथे होऊ शकते, नळाची लाईनही भिंतीपलीकडेच आहे, त्यामुळे खर्च आधीपेक्षा कमी येतो. आणि पुस्तकांच्या खोलीसाठी गच्चीच्या त्या कोपऱ्याचं वॉटरप्रूफिंग, एक कपाट, वाळवीचं औषध, दोन ट्यूबलाईट आणि एक लांब टेबल, एवढ्याचे अडुसष्ट हजार होतात. दोन्ही एस्टिमेट अध्यक्षांकडे दिली आहेत. जुनं मी मागे घेतो आहे.

राहिला प्रश्न शिकवणार कोण? मास्तर आपल्याकडेही नाही. पण मद्रासच्या त्या शाळेतही नव्हता. ज्याला येतं त्यानं धाकट्याला शिकवायचं. ज्या मुलांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांना ‘ळ’ येतो, ‘च’चे दोन उच्चार येतात. ती मुलं इतरांना शिकवतील. त्यांना नाही आलं तर इथे पुढच्या रांगेत बसलेले ज्येष्ठ आहेतच. माझी मुलगी शिकायलाही येणार आहे आणि पहिलीतल्या दोन मुलांना शिकवायलाही. ही तिचीच अट आहे.

यानं मराठी वाचेल का, मला ठाऊक नाही. त्या डोंगरगावात दीडशेहून जास्त वर्षं वाचायची खोली उघडी आहे आणि तरी मुलं गाव सोडून जातात. आपलीही पुण्याला आणि बंगळुरूला जातीलच. पण जाताना त्यांना आजीचं पत्र वाचता यावं, एवढंच माझं म्हणणं आहे. २०२४च्या ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. नोटेवरच्या पंधरा भाषांच्या पाटीतही मराठी आहे. युरोच्या नोटेवर बल्गेरियन लोकांची लिपी आहे आणि २०२६च्या १ जानेवारीपासून लेव्ह जाऊन तीच नोट त्यांच्या खिशात आली आहे. गाईडनं ती नोट आम्हाला दाखवली होती. पण दाखवून झाल्यावर ती म्हणाली, ‘नोटेवर अक्षर आपोआप टिकतं. मुलाला मात्र शिकवावं लागतं.’

गणपतीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेनऊला मागच्या खोलीचं कुलूप मी उघडणार आहे. पोहे आणि जलेबीची जबाबदारी काका-काकूंनी घेतली आहे. मुलांना आणा. येताना एखादं मराठी पत्र घरात सापडलं तर तेही आणा, कुणाचंही, कितीही जुनं.

 गणपती बाप्पा मोरया!